चार खोल्या, एक मीटर : ठाकुर्लीच्या चाळीत वीजबिल का फुगतं?

ठाकुर्ली : रक्षाबंधनाला बहिणीकडे ठाकुर्लीला गेलो होतो. चहा होतो न होतो तोच तिने एक कागद पुढे केला. बिल नव्हतं, वहीचं फाडलेलं पान होतं. खोलीमालकाने त्यावर लिहिलं होतं, ८० युनिट गुणिले १२, एकूण ९६० रुपये. "दादा, दोन पंखे, त्यातला एक फक्त रात्री चालतो. एक फ्रिज, एक टीव्ही. एसी नाही, गिझर नाही. गावाला आईचं एवढ्याच युनिटला सातशे-सव्वासातशे येतं. मग आमचंच नऊशे साठ कसं? हा माणूस लुटतोय का?"

मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. पण कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा वेगळंच निघालं. आपल्या भागातली कितीतरी माणसं नोकरीधंद्यासाठी कल्याण-डोंबिवलीत भाड्याने राहतात, आणि गावातही एका घरात दोन-तीन भाऊ वेगळे झालेले असतात. म्हणून हा हिशेब सगळ्यांसाठी लिहितो.

घरगुती विजेचा दर सगळ्या युनिटला सारखा नसतो. महावितरणच्या बिलात टप्पे असतात : १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्याच्या वर. पहिल्या शंभर युनिटच्या मानाने दुसऱ्या टप्प्याचा दर दुपटीच्या आसपास जातो, तिसरा त्याहून जास्त. नेमके दर दरपत्रकाप्रमाणे बदलतात, ते आपल्या बिलावर बघावेत. इथे मोजायला सोपं म्हणून वीज आकार आणि वहन आकार मिळून गोल आकडे धरू : पहिल्या टप्प्याला ६ रुपये, दुसऱ्याला ११, तिसऱ्याला १५.

एक गैरसमज गावोगाव ऐकतो. "एकशे एक युनिट झालं की सगळं बिल वरच्या दराने लागतं." तसं नाही. दीडशे युनिट जाळले तरी पहिली शंभर स्वस्त दरानेच धरली जातात, वरची पन्नास तेवढी महाग. याचा अर्थ असा की आपण जे युनिट वाचवतो ते नेहमी सगळ्यात वरचं, म्हणजे सगळ्यात महागडं असतं.

आता बहिणीची चाळ. चार खोल्या, कंपनीचा मीटर एकच, मालकाच्या नावावर. प्रत्येक खोलीला मालकाने आपला छोटा सबमीटर लावलाय. प्रत्येक खोली साधारण ८० युनिट धरली तर मोठ्या मीटरवर ३२० होतात. त्याचे पैसे असे : पहिल्या शंभरचे ६००, पुढच्या दोनशेचे २,२००, वरच्या वीसचे ३००. झाले ३,१००. त्यात स्थिर आकार दीडशे धरा आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. बिल जातं ३,७७० रुपयांवर. मालक चार खोल्यांकडून गोळा करतो ३,८४०. म्हणजे त्याच्या हातात उरतात सत्तर रुपये. बिचाऱ्याला लुटारू कसं म्हणायचं?

पण बहिणीच्या खोलीला स्वतःचा मीटर असता तर? ८० युनिटचे ४८०, स्थिर आकार १५०, त्यावर १६ टक्के. बिल ७३० रुपये, आईच्या बिलाएवढं. दर महिन्याला २३० रुपयांचा फरक, वर्षाला पावणेतीन हजार. हे पैसे मालकाच्या खिशात जात नाहीत आणि तिने जास्त वीजही जाळलेली नाही. चार घरांना मिळून स्वस्तातली शंभर युनिट एकदाच मिळतात, एवढंच कारण.

याच ठाकुर्लीला, चोळ्याला, १९२९ च्या सुमाराला जीआयपी रेल्वेने कोळशावरचं पॉवर हाऊस उभारलं होतं. मुंबईच्या विजेवरच्या गाड्यांना इथून वीज जायची. जुनी माणसं अजून 'पॉवर हाऊस'च्या नावाने पत्ता सांगतात. ते बंद होऊन किती वर्षं झाली, आणि त्याच गावात आज खोलीखोलीत युनिटवरून तोंडं वाकडी होतात.

गावाकडे हाच प्रकार वेगळ्या रूपात आहे. भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, रेशनकार्ड वेगळं झालं, मीटर मात्र वडिलांच्या नावावरचा एकच. बिल आलं की कोणाचा फ्रिज मोठा आणि कोणाची पोरं पंखा चालू ठेवून जातात यावर वाद. वेगळा मीटर घेतला तर स्थिर आकार प्रत्येकाला वेगळा लागेल, पण दोन्ही घरं मिळून वापर शंभरच्या बराच वर असेल तर तो निघून वर पैसे उरतात. मात्र जागा खरोखर वेगळी पाहिजे. एकाच घरात फक्त टप्पा वाचवायला दोन मीटर मिळत नाहीत, उगाच अर्ज करून हेलपाटे मारू नका.

भाडेकरूला मीटर मिळतो का?

मिळतो. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये मालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने अर्ज केला तर वीजपुरवठा द्यायचा, असं म्हटलंय. 'राहणाऱ्याने' हा शब्द महत्त्वाचा. तरी कार्यालयात बहुतेक वेळा मालकाचं संमतीपत्र मागतात, त्यामुळे मालकाशी गोडीने बोललेलं बरं. राहण्याचा पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार हवा. आपल्याकडे खूप जण अकरा महिन्यांचा करार स्टँपपेपरवर लिहून घेतात आणि नोंदणी करत नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे ती नोंदणी करायची जबाबदारी मालकाची आहे. त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये मालकाने भाडेकरूची वीज-पाण्यासारखी गरजेची सोय विनाकारण तोडू नये असंही आहे. "जास्त बोललात तर लाइट कापीन" असं कोणी म्हणालं तर हे लक्षात ठेवा.

स्वतःच्या नावाच्या मीटरचे आणखीही फायदे आहेत. वेळेनुसार नोंद करणारा नवा टीओडी मीटर असेल तर १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सवलत मिळते. इस्त्री, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर दुपारी लावली की झालं. कागदी बिल नको म्हणून ईमेलवर घेतलं तर दर बिलाला दहा रुपये कमी होतात. सबमीटरवाल्याला यातलं काहीच मिळत नाही, त्याच्याकडे वहीचं पान.

वापर कुठे जातो?

मीटर कोणाच्याही नावाचा असो, आठवड्यातून एकदा आकडा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मागच्या आठवड्याचा आकडा वजा केला की वापर कळतो. महिन्याला शंभरच्या आत राहायचं तर रोजचं सव्वातीन युनिट धरायचं.

दुसरी गोष्ट, घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिजचा आणि सेटटॉप बॉक्सचा प्लगही काढा, आणि मीटरवरचा लाल दिवा बघा. तो तरीही लुकलुकत असेल तर वायरिंगमध्ये गळती आहे, नाहीतर तुमच्या लाइनीवर दुसऱ्या कोणाचं तरी काही चालतंय. चाळीत हे नक्की बघा. बहिणीकडे बघितलं तर जिन्यातला बल्ब तिच्या सबमीटरवर निघाला! रात्रभर जळायचा आणि पैसे हिने भरायचे. मालकाला सांगितल्यावर त्याने दुसऱ्या दिवशी तो काढून आपल्या लाइनीवर घेतला.

सगळ्यात जास्त वीज कोण खातं म्हणाल तर आपल्या घरात पंखा. मिक्सरला लोक घाबरतात, पण तो चालतो पाच मिनिटं. जुना पंखा ७५ वॅटचा, रोज १६ तास चालला तर महिन्याला ३६ युनिट. बीएलडीसी म्हणून नवे पंखे येतात ते ३० वॅटच्या आसपास घेतात, तेवढ्याच तासांना साडेचौदा युनिट. महिन्याला एकवीस-बावीस युनिट वाचतात. पंखा साधारण तीन हजारांचा. ज्याचं बिल शंभर युनिटच्या वर आहे त्याचे पैसे वर्षभरात वसूल होतात. जो आधीच शंभरच्या आत आहे त्याला वीसेक महिने लागतात, आणि थंडीत पंखा बंद असतो ते धरलं तर त्याहून जास्त. म्हणून शेजाऱ्याने घेतला म्हणून लगेच धावू नका, आधी आपला टप्पा बघा. बहिणीला मी दिवस-रात्र चालणारा एकच पंखा बदलायला सांगितलाय. हा पंखा जुन्या रेग्युलेटरवर लावायचा नसतो, इलेक्ट्रिशियनला तो काढून टाकायला सांगा.

सेटटॉप बॉक्स टीव्ही बंद केला तरी चालू राहतो. दहा वॅटचा धरला तरी महिन्याला सात युनिट. भिंतीवरचं बटण बंद करायला पैसे पडत नाहीत. एसी असेल तर २४ वर ठेवा, एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा बचतीचं काम बघणाऱ्या बीईईचं म्हणणं आहे.

गावात स्वतःचं छप्पर असेल तर पीएम सूर्यघर योजना बघण्यासारखी आहे. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्तीला ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान आहे. एक किलोवॅटपासून महिन्याला साधारण १२० युनिट मिळतात. चाळीतल्या माणसाला छप्परच आपलं नसतं, त्याच्यासाठी ही वाट नाही.

बहिणीच्या मालकाला मी हा सगळा हिशेब त्याच्याच वहीत मांडून दाखवला. त्याने दोनदा बेरीज तपासली. म्हणाला, "माझा काय फायदा? पण तोटा पण नाही. चारही खोल्या एकदम अर्ज करणार असतील तर सही देतो, एकेकाचं लफडं नको." तीन खोल्या तयार आहेत. चौथ्या खोलीतलं कुटुंब दिवाळीनंतर खोली सोडणार म्हणतंय, त्यामुळे ते खर्चात पडायला तयार नाहीत. भाडेकराराच्या नोंदणीची तारीख तेवढी पुढच्या आठवड्याची मिळाली आहे.