जुनी डिझेल पिकअप : खरेदी आणि निगा

डहाणू व तलासरी तालुक्यांतील बागायतदाराचें उत्पन्न झाडावर तयार होतें खरें, पण पदरांत पडतें तें माल वेळेवर बाजारांत पोंचल्यावर. चिकू उतरविला म्हणजे थोड्याच दिवसांत पिकून मऊ पडतो. मिरची व भाजीपाला तर त्याहूनहि नाशवंत. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तथापि चारोटी नाक्यापाशीं गाडी बंद पडून माल उन्हांत राहिला, तर त्या मानांकनाचा धन्यास उपयोग काय? म्हणून आपली स्वतःची पिकअप असावी अशी पुष्कळांची इच्छा असते, आणि नवी घेण्याची ऐपत नसल्यामुळें, “इंजिनाचें थोडें काम आहे,” असें सांगून स्वस्तांत विकल्या जाणाऱ्या जुन्या डिझेल गाडीकडे त्यांचें लक्ष जातें. अशी गाडी मुळींच घेऊं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. रोगाचें नांव कळल्यावांचून मात्र किंमतीची बोलणी करूं नये, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

प्रथम कागद, मग इंजिन. जमीन घेतांना आपण सातबाऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना पाहतों, कारण बोजा तेथें लिहिलेला असतो. गाडीचा सातबारा म्हणजे तिचें आर. सी. बुक. त्यावर बँकेचा अगर वित्तसंस्थेचा बोजा असल्यास, तो फिटल्याचा दाखला व पस्तीस क्रमांकाचा नमुना हातीं आल्याशिवाय विसार देऊं नये. चेसिसवरील व इंजिनावरील क्रमांक बुकांतील क्रमांकांशीं स्वतः ताडून पाहावे. इंजिन बदललेलें असून त्याची नोंद नसेल, तर ती गाडी सोडून द्यावी. आपला मुलूख सरहद्दीवरचा असल्यामुळें वलसाड-वापीकडील गाड्याहि इकडे विकावयास येतात. परराज्यांतील गाडीस तेथील परिवहन कार्यालयाचा ना हरकत दाखला लागतो, आणि बारा महिन्यांहून अधिक काळ ती येथें ठेवावयाची तर येथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. हा खर्च किंमतींत धरावा.

व्यवहार झाल्यावर नांव बदलून घेण्यास विलंब करूं नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें घेणाऱ्यानें तीस दिवसांच्या आंत नोंदणी अधिकाऱ्यास कळविलें पाहिजे. अपघाताच्या दिवशीं नोंदणींत ज्याचें नांव असेल तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं ठरविलें आहे. तेव्हां विकणाऱ्यानेंहि या कामीं आळस करणें धोक्याचें आहे. मालवाहू गाडीस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनीं व पुढें दरवर्षीं योग्यता प्रमाणपत्र घ्यावें लागतें. पंधरा वर्षांवरील गाडीच्या तपासणीचें शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेंच वाढलें आहे, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आतां इंजिनाकडे वळूं. खडकीच्या किर्लोस्कर कारखान्याचें इंजिन ज्यांनीं विहिरीवर चालविलें आहे त्यांस हें ठाऊकच असेल कीं, डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा पंधरा-वीस पटींनीं लहान जागेंत कोंडली असतां इतकी तापते कीं, डिझेलचा फवारा आंत पडतांच पेट घेतो. म्हणजे दाब आणि फवारा हीं दोन या इंजिनाचीं मर्में होत. रिंगा, वॉल्व्ह अगर गॅस्केट खराब झाल्यास दाब जातो. डिझेलांत घाण वा पाणी असल्यास फवारा बिघडतो. पहिला रोग बहुधा इंजिन उघडल्यावांचून बरा होत नाहीं. दुसरा कधीं नुसत्या फिल्टरनें सुटतो, कधीं नोझल व पंप यांपर्यंत जातो.

गाडी पाहावयास भल्या सकाळीं जावें, व प्रथम बॉनेट उघडून इंजिनास हात लावून पाहावा. तें गरम असल्यास दुसऱ्या दिवशीं यावें, कारण तापलेलें इंजिन आपले पुष्कळ दोष झांकतें. थंड इंजिन चालू होतांच थोडा पांढरा धूर येऊन एक-दोन मिनिटांत थांबला, तर त्यांत वावगें नाहीं. तो थांबेना व त्यास कच्च्या डिझेलचा उग्र वास असेल, तर दाब कमी अगर नोझल खराब असें समजावें. वास गोडसर असून रेडिएटरचें पाणी घटत असेल, तर पाणी सिलिंडरांत शिरत आहे. मग हेडचें गॅस्केट गेलें असेल किंवा हेडास तडा गेला असेल. निळा धूर म्हणजे इंजिनाचें तेल जळत आहे. रिंगा, वॉल्व्हचीं सीलें वा टर्बो यांपैकीं कांहींतरी झिजलें आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त व हवा कमी. येथें हवेचा फिल्टर बदलूनहि कधीं काम भागतें.

इंजिन चालू असतां तेल भरण्याचें झांकण सैल करून तसेंच वर ठेवावें. किंचित् वाफ येणें साहजिक. पण झांकण उडूं लागून भकाभक धूर आला, तर दाब रिंगांवाटे खालीं जात आहे. मोजण्याच्या सळईवरील तेल काळें दिसणें हा डिझेल इंजिनाचा दोष नव्हे. तें ताकासारखें पांढुरकें दिसलें तर त्यांत पाणी मिसळलें आहे. रेडिएटरचें झांकण इंजिन थंड असतांनाच काढावें, गरम असतां कदापि नव्हे. मग इंजिन चालू करून पाण्यांत सतत बुडबुडे येतात कीं काय तें पाहावें. अलीकडील गाड्यांत फवाऱ्याचें नियमन विजेच्या यंत्रणेनें होतें. त्यांस स्कॅनर लावून बिघाडांची यादी पाहावी. यादी आधींच पुसलेली असूं शकते, म्हणून थोडा माल भरून कासा-जव्हार मार्गाच्या चढावर एक फेरी मारावी व स्कॅनर पुन्हां लावावा. या सर्व प्रसंगीं आपला माहीतगार मिस्त्री बरोबर असावा. विकणाऱ्यानें आणलेला नव्हे.

रोग कळला म्हणजे हिशेब मांडावा. उदाहरणादाखल, त्याच सालच्या निरोगी गाडीची किंमत ४,००,००० रुपये आहे व मिस्त्रीनें दुरुस्तीस ८०,००० रुपये सांगितले, असें समजूं. इंजिन उघडल्यावर आणखी कांहींतरी निघतेंच. त्याकरितां चौथाई म्हणजे २०,००० धरावे. वीस दिवस गाडी गॅरेजांत राहिली व रोज १,५०० रुपये भाड्यानें माल नेला, तर आणखी ३०,००० झाले. एकूण १,३०,००० वजा जातां २,७०,००० उरतात. याहून एक रुपया अधिक देणें म्हणजे विकणाऱ्याचा रोग आपण विकत घेणें होय. आणि मिस्त्री रोगाचें नांवच सांगूं शकत नसेल, तर गाडी कितीहि स्वस्त असली तरी घरीं परत यावें.

घेतल्यावर निगा हीच खरी दुरुस्ती. किनाऱ्यालगतच्या बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं मचूळ असतें. तें रेडिएटरांत घातल्यास आंत क्षार बसतात व इंजिन तापतें. तेथें योग्य कूलंटच घालावें. पिंपांत साठविलेलें डिझेल शक्यतों वापरूं नये. फिल्टरखालीं सांचलेलें पाणी नियमानें सोडावें, पावसाळ्यांत तर अधिकच वेळां. तेल व फिल्टर गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या मुदतींत बदलावे. टर्बोची गाडी लांबून आल्यावर एक-दोन मिनिटें तशीच चालूं द्यावी, मग बंद करावी. खाऱ्या वाऱ्यानें चेसिस गंजते, म्हणून ती गोड्या पाण्यानें धुऊन गंजरोधक रंग लावावा. ठरल्याहून अधिक क्रेट भरणें तर सर्वांत महाग. त्या फेरीचा नफा पुढें इंजिनच खातें.

शेवटीं, गाडींत एक वही ठेवावी, आणि तींत तारीख, किलोमीटर, डिझेल, तेल व दुरुस्ती यांची नोंद त्याच दिवशीं करावी. तेल वा डिझेल जास्त लागूं लागलें कीं ती वही धूर दिसण्यापूर्वीं सांगते. आणि पुढें गाडी विकावयाची झाल्यास घेणारा तीच वही पाहून दर देतो.