शेवया, सरगुंडे आणि पास्ता

वऱ्हाडातील घरांना उकडलेल्या गव्हाच्या पदार्थांची ओळख नवी नाही. उन्हाळ्यात खाटेवर पसरलेल्या शेवया आणि आमरसाबरोबर वाढले जाणारे सरगुंडे वाशीम, कारंजा, मालेगाव, रिसोड या भागांतील ज्येष्ठ गृहिणींच्या हातचे आहेत. बारीक काडीभोवती कणकेची नाजूक दोरी गुंडाळून काढलेला पोकळ सरगुंडा आणि इटलीची मॅकरोनी यांच्यात नात्याने फारसे अंतर नाही. तरीही आज नातवंडांच्या आग्रहाखातर घरात पास्ता शिजू लागला, की पातेल्यात अनेकदा एकच चिकट गोळा तयार होतो. मुले तोंड फिरवतात आणि अन्न पानात उरते. ज्या घरात शिळे खाल्ले जात नाही, त्या घरात हे उरलेले अन्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवताही येत नाही. म्हणून पास्ता मोकळा शिजणे हा केवळ चवीचा प्रश्न राहत नाही. त्याच्याशी अन्नाचा मान जोडलेला आहे.

पास्ता चिकटण्याचे कारण त्यातील स्टार्चमध्ये, म्हणजे पिष्टात, आहे. उत्तम पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्यापासून बनतो. आपल्याकडील बन्सी गहू याच जातीचा. त्याचा दाणा कठीण, पिवळसर आणि प्रथिनयुक्त असतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेला एमएसीएस 4028 हा ड्युरम वाण 14.7 टक्के प्रथिनांसाठी ओळखला जातो. शिजताना प्रथिनांची जाळी पिष्टाला आत धरून ठेवते. मैद्याच्या पास्त्यात ही जाळी दुबळी असते, म्हणून तो लवकर लिबलिबीत होतो. पुड्यावर घटकांच्या यादीत ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला आहे की नाही, हे खरेदीच्या वेळीच पाहिले, तर निम्मे काम दुकानातच झाले असे समजावे.

गरम पाण्यात पडताच पास्त्याच्या पृष्ठभागावरील पिष्टकण पाणी शोषून फुगतात आणि त्यांची खळ होते. पहिल्या दोन मिनिटांत ही खळ सर्वाधिक चिकट असते. त्या वेळी तुकडे एकमेकांना टेकून स्थिर राहिले, तर ते जोडले जातात व पुढे सुटत नाहीत. हीच दोन मिनिटे लांब दांड्याच्या चमच्याने तळापासून ढवळत राहिले, तर खळ पाण्यात विरते आणि तुकडे सुटे राहतात. त्यानंतर मधूनमधून ढवळणे पुरते.

पाण्यात तेल घालण्याची सवय मात्र निरुपयोगी आहे. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने वर तरंगते आणि खाली शिजणाऱ्या तुकड्यांपर्यंत ते पोहोचत नाही. गाळताना तेच तेल पास्त्यावर बसते व रस्सा त्यावरून घसरतो. येथे कुणी विचारील, मग खिरीसाठी शेवया तुपात परततात त्या मोकळ्या कशा राहतात? तेथे तूप कोरड्या शेवईवर थेट चढते आणि भाजल्याने वरचे पिष्टही बदलते. तुपाचा उपयोग पाण्याआधी आहे, पाण्यात नाही. आजीबाईंची रीत शास्त्राला धरूनच होती.

मिठाविषयीही एक समज आहे. मीठ घातल्याने पाणी अधिक तापते व पास्ता चिकटत नाही, असे म्हणतात. एका लिटरला 10 ग्रॅम मीठ घातले, तर उत्कलनबिंदू एका अंशाच्या पाचव्या भागाइतकाही वाढत नाही. मीठ चवीसाठीच आहे.

आता पाण्याचा हिशेब. इटलीतील प्रचलित प्रमाण 100 ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी असे आहे. चौघांच्या घरात 300 ग्रॅम पास्ता पुरतो, म्हणजे तीन लिटर पाणी लागेल. वाशीमसारख्या पाणीटंचाई अनुभवलेल्या जिल्ह्यात आणि पाण्याच्या प्रत्येक थेंबात जीव मानणाऱ्या समाजात हा खर्च मनाला खटकतो. अमेरिकी लेखक हॅरॉल्ड मॅकगी यांनी 2009 साली दाखवून दिले, की निम्म्याहून कमी पाण्यातही पास्ता नीट शिजतो. अट एकच, ढवळण्यात कुचराई नको. 300 ग्रॅमसाठी दीड लिटर गाळलेले पाणी घेऊन सुरुवातीला सतत आणि नंतर वरचेवर ढवळावे. पाणी कमी असल्याने मीठही त्या बेताने एक लहान चमचाभरच घालावे. उरणारे पाणी दाट असते. त्यातील वाटीभर रश्शात घालावे आणि राहिलेले त्याच वेळच्या आमटीत वापरावे. काहीच वाया जात नाही.

रस्सा आधी तयार हवा, पास्ता नंतर शिजावा. हा क्रम उलटला, की गाळलेला पास्ता चाळणीत वाट पाहत राहतो, पृष्ठभागावरील ओल सुकते आणि गोळा बनतो. पुड्यावरील वेळेच्या एक-दोन मिनिटे आधी तुकडा दातांखाली चाखावा. मध्यभागी किंचित कणी जाणवली, की लगेच गाळून उकळत्या रश्शात टाकावा. उरलेली कणी तेथे शिजते आणि पिष्टाच्या पाण्यामुळे रस्सा पास्त्याला धरून राहतो. गाळल्यावर थंड पाण्याने धुऊ नये, कारण रस्सा धरणारे पिष्टच त्यामुळे निघून जाते. थंड कोशिंबिरीसारखा पदार्थ करायचा असेल तेव्हाच धुवावा.

कांदा-लसणाविना रस्सा फिका होतो, ही समजूतही सोडावी. अर्धा किलो पिकलेले टोमॅटो, सिमला मिरची, तुपाच्या फोडणीत हिंग व ओवा, वरून मिरपूड आणि चिमूटभर सुंठ एवढ्यावर रस्सा खुलतो. दाटपणासाठी लाल भोपळ्याची फोड शिजवून घोटावी किंवा काजूची पूड घालावी. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असल्याने तुळशीसारखी विदेशी पाने सोडून दिली तरी चव उणी होत नाही. पांढऱ्या रश्शात लोण्याऐवजी तूप चालते.

खरेदीत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. इटलीत ताज्या पास्त्यात पुष्कळदा अंडे असते, म्हणून पुड्यावरील हिरवे चिन्ह तपासावे. तसेच पार्मेजानो रेज्जानो हे अस्सल चीज वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने बनते, ते टाळावे. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवस पाळणाऱ्या कुटुंबांना तर बाजारातील पुडाच चालत नाही. त्यांच्यासाठी ताज्या दळलेल्या बन्सी गव्हाचे, त्याच दिवशी केलेले सरगुंडे हा आपल्या मातीतील पर्याय आहे. नियम तोच, उकळते पाणी, सुरुवातीचे हलके ढवळणे आणि तत्काळ वाढणे.

वेळेचे गणितही जुळते. डिसेंबरात वाशीमला सूर्यास्त सहाच्या आत होतो. पाच वाजता रस्सा चुलीवर चढवला, तर तो होईस्तोवर दुसऱ्या बाजूस पाणी उकळते आणि पास्त्याला दहा-बारा मिनिटे पुरतात. शाळेतून आलेली मुले आणि आजी-आजोबा दिवसाउजेडी एका पंगतीत बसू शकतात. बाहेरच्या खाण्याची ओढ केवळ नकाराने थांबत नाही. घरात तोच पदार्थ नियमात बसवून, मोकळा आणि चवदार वाढला, तर मुलांना नियम जाचक वाटत नाहीत. माणशी 75 ग्रॅम मोजून घ्यावा, म्हणजे पातेले त्याच पंगतीत रिकामे होते.