मॅस्कॉट: तीन देशांनी मिळून लघुग्रहावर उतरवलेला छोटा लँडर

3 ऑक्टोबर 2018. जेमतेम 900 मीटर रुंदीच्या रयुगू या लघुग्रहावर बुटांच्या खोक्याएवढा, सुमारे 10 किलोचा लँडर उतरला. त्याचं नाव मॅस्कॉट.

त्याला तिथवर नेणारं हायाबुसा-2 यान जपानच्या ‘जॅक्सा’ या अंतराळ संस्थेचं. लँडर बांधला जर्मनीची अंतराळ संस्था ‘डीएलआर’ने, फ्रान्सची अंतराळ संस्था ‘क्नेस’च्या साथीने. कॅमेरा, रेडिओमीटर आणि चुंबकत्वमापक जर्मन. खनिजं ओळखणारा इन्फ्रारेड सूक्ष्मदर्शक फ्रेंच.

खरी कमाल त्याच्या चालण्याची! रयुगूचं गुरुत्वाकर्षण इतकं क्षीण, की चाकांना पकडच मिळणार नाही. म्हणून आतला एक वजनदार दांडा झटक्यात फिरवायचा आणि त्या धक्क्याने उडी मारायची. मॅस्कॉट आधी उलटा पडला होता. जर्मनीतल्या कोलोनहून आज्ञा गेली आणि याच दांड्याने त्याला सुलटं केलं.

बॅटरी पुन्हा चार्ज होणारी नव्हती. अपेक्षा 16 तासांची होती, ती 17 तासांहून जास्त चालली. तेवढ्या वेळात जमवलेल्या माहितीतून कळलं की खडकांवर अपेक्षित धूळ नाहीच, शिवाय ते कमालीचे सच्छिद्र आहेत. असे ठिसूळ तुकडे पृथ्वीच्या वातावरणात सहसा टिकत नाहीत, त्यामुळे उल्कापाषाणांच्या संग्रहांत ते फारसे सापडत नाहीत.