वायरविना डीबगिंग: फोन का सापडत नाही?

अॅप तयार होताना ते खऱ्या फोनवर चालवून त्यातले दोष शोधावे लागतात. पूर्वी त्यासाठी यूएसबी केबल लागायचीच. निदान सुरुवातीला तरी. केबल जोडून फोनला ५५५५ या पोर्टवर ऐकायला लावायचे, मग ती काढायची. फोन रीस्टार्ट झाला की पुन्हा पहिल्यापासून!

२०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइड ११ने केबलची ही अट काढली. ‘डेव्हलपर ऑप्शन्स’मध्ये ‘वायरलेस डीबगिंग’ सुरू करायचे आणि सहा अंकी कोड किंवा क्यूआर कोडने फोन संगणकाशी जोडायचा. संगणकावरचे ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ मात्र ३०.०.० किंवा त्यानंतरचे हवे.

बहुतेकांची गाडी अडते ती पोर्टपाशी. कोडच्या खिडकीत दिसणारा पोर्ट फक्त ओळख पटवण्यापुरता असतो. प्रत्यक्ष जोडणीचा पोर्ट वायरलेस डीबगिंगच्या मुख्य पानावर असतो आणि सुविधा बंद करून पुन्हा सुरू केली की तो सहसा बदलतो. कालचाच आकडा आज टाकणाऱ्याला नकार मिळतो, आणि दोष बिचाऱ्या राउटरला!

राउटरही कधी खरोखर दोषी असतो. कॉलेज किंवा हॉटेलच्या वाय-फायवर सुरक्षेसाठी उपकरणांना एकमेकांशी बोलू दिले जात नाही. अशा वेळी संगणकाचा हॉटस्पॉट सुरू करून फोन त्यावर घ्यावा. व्हीपीएनही बंद करून पाहावे.

सात दिवस जोडणी झाली नाही, तर फोन संगणकाला दिलेली परवानगी आपणहून काढून घेतो. हे थांबवायचा पर्याय डेव्हलपर ऑप्शन्समध्येच आहे.