ओकॅमल भाषा आणि इमॅक्सची मांडणी

संगणकाला काम सांगावयाचें तर तें एकाद्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेंत लिहून द्यावें लागतें. ज्या भाषा लक्षावधि लोक वापरतात, त्यांच्यासाठीं लिहिण्याचीं साधनें आयतीं मिळतात. साधन उघडलें कीं तें चुका दाखवूं लागतें. कमी वापरांतील भाषेचा अभ्यासक इतका भाग्यवान नसतो. त्याला आपलें साधन आपल्याच हातानें जुळवून घ्यावें लागतें. फ्रान्समधील इन्रिया ह्या संशोधनसंस्थेंत वाढलेली व १९९६ सालीं आजच्या स्वरूपांत पुढें आलेली ओकॅमल ही अशीच एक भाषा आहे. गणितांतील सिद्धता तपासणारा कॉक हा विख्यात प्रोग्रॅम, ज्याला आतां रॉक म्हणतात, तो मुख्यतः हिच्यांतच लिहिलेला आहे. तरीहि सामान्य कचेरींत तिचें नांव क्वचितच कानीं पडतें.

आतां कोणी विचारील, अक्षरेंच उमटवावयाचीं तर कोणतेंहि साधन चालणार नाहीं काय? चालेल, पण ओकॅमलच्या बाबतींत त्यानें फार हाल होतात, आणि ह्याचें कारण त्या भाषेच्या स्वभावांतच आहे. पुष्कळ भाषांत प्रत्येक राशीची जात लिहून द्यावी लागते: ही पूर्णांक, ही दशांश संख्या, ही अक्षरांची माळ. ओकॅमलमध्यें ती सहसा लिहावी लागत नाहीं. कंपायलर, म्हणजे लिखाणाचें यंत्रभाषेंत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, सभोवारच्या मजकुरावरून ती स्वतःच ताडतो. ह्या पद्धतीचा पाया एडिंबरो येथें रॉबिन मिल्नर ह्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत एम्. एल्. ह्या भाषेसाठीं घातला. लिखाण त्यामुळें आटोपशीर होतें खरें. परंतु कंपायलरला जें उमगलें तें पानावर कोठेंच दिसत नाहीं. वाचणारानें तें मनांत धरून चालावयाचें.

समजा, एकानें व्याज काढण्याचें सूत्र लिहिलें. ओकॅमलमध्यें पूर्णांकांच्या गुणाकाराला नुसती चांदणी असते. दशांश संख्यांच्या गुणाकाराला चांदणीपुढें टिंब द्यावें लागतें. भागाकाराचेंहि तसेंच. सूत्र लिहितांना हीं टिंबें राहून गेलीं. कंपायलर तक्रार करीत नाहीं; हें सूत्र केवळ पूर्णांकांचें आहे, असें तो समजून चालतो. पुढें दोनशें ओळींनंतर त्याच सूत्राला १२.५ हा दर दिला, कीं तेथें चूक दाखविली जाते. दोष बिचाऱ्या साडेबारांच्या माथीं बसतो आणि हरवलेलें टिंब राहतें दोनशें ओळी मागें! नवशिक्याची सबंध संध्याकाळ अशा टिंबापायीं जाऊं शकते. उलट, सूत्राच्या नांवावर कर्सर नेतांच ‘पूर्णांक घेतें, पूर्णांक देतें’ असें साधनानेंच सांगितलें, तर चूक जन्मतःच सांपडते.

हें सांगण्याचें काम इमॅक्सकडून उत्तम करवून घेतां येतें. इमॅक्सचा जन्म १९७६ सालीं अमेरिकेंत एम्. आय्. टी. मध्यें झाला, आज प्रचारांत असलेलें ग्नू इमॅक्स रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं १९८५ सालीं लोकांपुढें ठेवलें. त्याचा बहुतेक भाग लिस्प भाषेंत रचलेला असून तो वापरणाराला उघडा आहे. त्यामुळें त्याची कोणतीहि खोड मोडतां येते किंवा नवी लावतां येते.

प्रथम त्याला ट्वारेग नांवाची जोड द्यावी. ही शब्दांना रंग देते आणि ओळी योग्य तेवढ्या आंत सरकविते. ‘कॅमल’ म्हणजे उंट आणि ट्वारेग ही सहारांतील उंटांवरून फिरणारी जमात. प्रोग्रॅम बांधून देणाऱ्या अवजाराचें नांव तर ड्यून, म्हणजे वाळूची टेकडी! ह्या मंडळींची विनोदबुद्धि शाबूत आहे. पण ट्वारेगला अर्थ कळत नाहीं. तो कळतो मर्लिनला. कंपायलर बहुधा पहिल्याच चुकीपाशीं थांबतो; मर्लिन अर्धवट, मोडकें वाक्यहि वाचून पुढचा अंदाज बांधतो, आणि लिहीत असतांना मजकूर बहुतेक वेळ अर्धवटच असतो.

पूर्वीं प्रत्येक साधनाला प्रत्येक भाषेसाठीं निराळा दुवा रचावा लागे. दहा साधनें व दहा भाषा म्हटल्या कीं शंभर दुवे. अल्पसंख्य भाषांची वर्णी त्यांत लागावी कशी? २०१६ सालीं मायक्रोसॉफ्टनें संभाषणाचा एक सामाईक संकेत पुढें आणला, तेव्हां शंभरांचें काम विसांवर आलें. मर्लिनचें ज्ञान ह्या संकेतानें पुरविणारा सेवक म्हणजे ओकॅमल-एल्एस्पी, आणि इमॅक्सच्या बाजूनें बोलणारा एग्लॉट. २०२३ च्या २९ व्या आवृत्तीपासून एग्लॉट इमॅक्समध्येंच येतो. ओकॅमलचें लिखाण उघडतांच त्यानें जागें व्हावें, यासाठीं इमॅक्सच्या आरंभीच्या फाईलींत एक ओळ पुरते. दुसऱ्याची शेंकडों ओळींची फाईल उतरवून घेण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा, कारण ती बिघडली म्हणजे कोणती ओळ काय करते हें मालकालाच ठाऊक नसतें.

खरी अडचण बहुधा इमॅक्सच्या बाहेर असते. ओपॅम हा ओकॅमलचा कोठीवाला एकाच यंत्रावर कंपायलरच्या निरनिराळ्या आवृत्त्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. कंपायलरनें तयार केलेल्या फाईलींची घडण आवृत्तीगणिक बदलते. म्हणून सेवक त्याच कप्प्यांत, त्याच कंपायलरनें बांधलेला हवा. तसेंच, चित्रावर टिचकी मारून उघडलेल्या इमॅक्सला, विशेषतः मॅकवर, ह्या कप्प्याचा पत्ता पुष्कळदां ठाऊकच नसतो. टर्मिनलमधून इमॅक्स उघडल्यास सेवक भेटतो आणि एरवीं भेटत नाहीं, तर दोष येथेंच समजावा. शिवाय ड्यूनकडून प्रोग्रॅम एकदां बांधून घेतला नसेल, तर शेजारच्या फाईलींतील नांवें अपरिचित म्हणून लाल रेघेखालीं येतात; लिखाणांत चूक मात्र कांहीं नसते.

एवढें झालें म्हणजे व्याजाचें तें सूत्र मुद्दाम टिंबांवांचून लिहावें आणि नांवावर कर्सर ठेवावा. इमॅक्सच्या तळच्या ओळींत क्षणभरानें त्याची जात उमटली, कीं मांडणी पुरी झाली.