पाठवायची राहिलेली पत्रे

दादी गेल्यावर तिची पत्र्याची पेटी माझ्या वाट्याला आली. पेण आणि नागोठण्याच्या मध्ये, आंबा नदीच्या काठच्या आमच्या घरात ती वर्षानुवर्षे पलंगाखाली होती. आत एक जुनी शाल, तसबीह, सातबाराचे उतारे आणि सुतळीने बांधलेले पत्रांचे तीन गठ्ठे. पहिला गठ्ठा अब्बांनी कुवेतहून घरी पाठवलेल्या पत्रांचा. दुसरा घरून अब्बांना गेलेल्या पत्रांचा. तिसऱ्यात फक्त सात पत्रे. त्यांच्यावर पत्ता आहे, तिकीट नाही. अक्षर माझे आहे. तेव्हा मी सातवीत होते.

या सात पत्रांविषयी सांगायचे आहे. पण त्याआधी बाकीच्या गठ्ठ्यांविषयी सांगायला हवे, कारण अशा पेट्या आपल्या कितीतरी घरांत आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांतली काही पत्रे वाळवीच्या पोटात जात आहेत.

आम्ही खैरियतने आहोत

कोकणातल्या मुस्लिम घरांत कर्ता पुरुष बाहेर असणे ही आखाती नोकऱ्यांपासून सुरू झालेली गोष्ट नाही. मुंबईची गोदी, जहाजावरची खलाशाची नोकरी, दक्षिण आफ्रिकेतले केप टाउन, अशा वाटा आपल्या माणसांनी त्याआधीच तुडवल्या होत्या. कुवेतमध्ये तर १९६१ पर्यंत आपला रुपयाच चालत असे. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि गावागावांतून तरुण आखाताकडे निघाले. अब्बा १९७९ मध्ये गेले.

माणूस बाहेर गेला की मागे टपाल लागे. १८५४ मध्ये देशभर अंतर कितीही असो, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर झाला. १८७९ मध्ये एका पैशाचे पोस्टकार्ड आले आणि १८८० मध्ये मनिऑर्डर. त्या काळी आपल्या भागात मुंबईहून धरमतर आणि नागोठण्यापर्यंत आगबोटी येत. रोह्यापर्यंत रेल्वे यायला १९८६ साल उजाडले. म्हणजे रुळांच्या किती तरी आधी आपल्या गावांना मुंबईशी आणि परदेशाशी बांधून ठेवले ते पत्रांनी.

आमच्या घरची सगळी पत्रे एकाच साच्यातली आहेत. वर ७८६, मग सलाम, मग ठरलेले वाक्य: आम्ही इथे खैरियतने असून तुमची खैरियत अल्लाहतआलाकडे नेक चाहतो. त्यानंतर लहानथोरांचे सलाम, दुआ. खरा मजकूर मध्येच कुठेतरी चार ओळींत. आवण संपले. म्हैस व्याली, पारडी झाली. खारबंदिस्तीच्या बांधाला खांड गेली होती, ती भरली. सुकट महाग झाली. भात गिरणीवर नेले. शेवटी पुन्हा सलाम.

लहानपणी ही पत्रे लिहिताना मला कंटाळा येई. म्हशीची बातमी कुवेतला कशाला, असे वाटे. आता वाटते, त्या काळच्या आमच्या घराचा हिशोब कुठे असेल तर त्या म्हशीच्या ओळीत आहे. आवणाला किती बायका लागल्या, वाल किती झाले, पावसाळ्यासाठी काय भरून ठेवले, हे सातबाऱ्यावर कुणी लिहीत नाही.

हजारो मैलांवरचे तेच पत्र

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या शेतकरी कुटुंबांच्या पत्रांविषयी मी वाचले, तेव्हा वाटले की ही तर आमच्याच पेटीतली पत्रे. त्यांचाही साचा ठरलेला होता. मी लेखणी हाती घेऊन कळवतो की आम्ही सुखरूप आहोत आणि या चार ओळी हाती पडतील तेव्हा तुम्हीही सुखरूप असाल अशी आशा आहे, अशी सुरुवात हजारो पत्रांत सापडते. पुढे मका कसा आला, डुकरे कितीला विकली, कुणाला ताप आला, कुणाला मूल झाले.

तिथेही माणसे पांगली होती. मुलगे नव्या जमिनीच्या शोधात पश्चिमेकडे जात, आईबाप मागे राहत. १८४५ पूर्वी चारशे मैलांपलीकडे जाणाऱ्या पत्राला एका कागदामागे २५ सेंट पडत आणि बहुधा ते पत्र घेणाऱ्याने भरायचे असत. म्हणून लोक एक कागद आडवा लिहून भरला की तोच फिरवून त्या ओळींवर उभ्या ओळी लिहीत. शेतावर टपाल घरपोच येऊ लागले ते १८९६ पासून. तोवर गाडी जुंपून गावातल्या टपालघरात जायचे, जे बरेचदा एखाद्या दुकानाच्या कोपऱ्यातच असे.

१८६१ ते १८६५ या काळात तिथे यादवी युद्ध झाले. नवरे लढाईवर, बायका शेतावर. सुरुवातीच्या पत्रांत नवरा लिहितो, अमुक शेतात अमुक पेर, तमुक जनावर वीक. बायको विचारते, हे करू का, ते करू का. दोन-तीन वर्षांत पत्रांचा सूर बदलतो. आता बायको विचारत नाही, काय केले ते कळवते. सैनिकांना घरी पैसे पाठवता यावेत म्हणून अमेरिकेत १८६४ मध्ये मनिऑर्डर सुरू झाली.

हे वाचून मी आमचा दुसरा गठ्ठा पुन्हा काढला. १९८२ च्या पत्रात आहे: या साली वरच्या शेतात वाल लावू का, ते कळवावे. १९८८ च्या पत्रात आहे: वरच्या शेतात वाल लावले. मधल्या सहा वर्षांत माझी अम्मी शेतकरी झाली होती. घरात कुणी तसे म्हटले नाही, तिनेही नाही. पण पत्राने ते नोंदवून ठेवले.

अमेरिकेचा आणि आपल्या जिल्ह्याचा पत्रांचा धागा खरोखरही आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते आणि काही काळ अलिबागला नोकरीस होते. पत्नीला शिकवायचे म्हणून त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर बाईंनी ते दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचले आणि आनंदीबाईंना पत्र लिहिले. त्या पत्रव्यवहारातून १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्याविषयी आज आपल्याला जे माहीत आहे, त्यातले बरेचसे त्यांची पत्रे कुणीतरी जपली म्हणून.

सांगणारी एक, लिहिणारी दुसरी

आनंदीबाई स्वतः लिहू शकत होत्या. दादी लिहू शकत नव्हती. आधी शेजारचा एक मुलगा तिची पत्रे लिही, मग मी. दादी कोकणीत सांगे आणि मी शाळेत शिकवलेल्या मराठीत उतरवी. ती म्हणे, "त्याला इचार, कवा येशील?" मी लिही: आपण केव्हा येणार ते कळवावे. मार्क मिळायचे असल्यासारखी मी तिची भाषा शुद्ध करत होते. दुसऱ्या गठ्ठ्यात दादीचा निरोप आहे, पण दादीचा आवाज नाही.

अम्मीला थोडेफार लिहिता येई. पण पत्र आले की ओट्यावर सगळ्यांसमोर वाचले जाई आणि जाताना सगळ्यांच्या नजरेखालून जाई. अशा पत्रात बायको नवऱ्याला काय लिहिणार? एका पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने काढलेली लहान पावलाची आकृती आहे. माझ्या धाकट्या भावाचा पाय, बुटाच्या मापासाठी. आकृतीच्या आत अम्मीच्या अक्षरात इतकेच: आता चालतो.

ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचे जगणे कागदावर फार थोडे उरते. अमेरिकेत दक्षिणेकडच्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. गुलामी संपल्यावर त्याच माणसांनी विकल्या गेलेल्या आयांच्या, मुलांच्या शोधासाठी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, कुणाकुणाकडून लिहून घेऊन. त्या जाहिराती हीच अनेक घराण्यांची पहिली लिखित खूण आहे.

एका ओळीमागे काय असते

जुलै १९८९ मध्ये आंबा नदीला महापूर आला. जांभूळपाड्यात किती माणसे गेली, हे आपल्या भागातले लोक विसरलेले नाहीत. आमच्या घरातही पाणी शिरले. भाताची कणगी भिजली. दादीने अब्बांना पत्र लिहायला बसवले आणि म्हणाली, "लिव, पानी आयला नि गेला, घाबरू नको." मी लिहिले: येथे पाऊस भरपूर झाला. घरी सर्व खैरियत आहे.

भात गेले हे लिहायचे नाही, अशी तिची ताकीद होती. अम्मीने पेणला जाऊन दोन बांगड्या मोडल्या, हेही नाही. त्या पत्रात आज शोधले तर पुराची एकच खूण सापडते. शेवटी लिहिले आहे: ड्राफ्टची घाई करू नये. दादी कधी असे लिहायला सांगत नसे. अब्बांनी ती ओळ वाचून ओळखले की घरी काहीतरी झाले आहे. त्या महिन्याचा ड्राफ्ट नेहमीपेक्षा आधी आला. तिकडून त्यांनीही कारण लिहिले नाही.

पुढच्याच वर्षी, २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवले. पत्रे थांबली. पोस्टमनने सांगितले, तिकडचे टपाल बंद आहे. कुवेतमध्ये तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अडकले होते. आमच्याकडे रेडिओ होता आणि दादी होती. पुढच्या जुम्म्याला मगरिबनंतर तिने मला बोलावले, "कागद घे." मी म्हटले, "दादी, पत्र जाणार नाही." ती म्हणाली, "तू लिव."

अशी सात जुम्म्यांची सात पत्रे. जाणार नाहीत हे ठाऊक होते, म्हणून मी शुद्ध करायचे कष्ट घेतले नाहीत. ती बोलली तसे लिहीत गेले. त्यांत सलामांची यादी नाही. कणगी भिजल्याचे आहे, बांगड्यांचे आहे, अम्मी रात्री झोपत नाही हे आहे, आणि म्हशीचेही आहेच. दादीचा आवाज आज कुठे असेल तर त्या सात कागदांवर आहे.

एअर इंडियाची विमाने जॉर्डनमधल्या अम्मानहून माणसे आणत होती. सप्टेंबरच्या अखेरीस अब्बा बगदादमार्गे अम्मानला आणि तिथून सहार विमानतळावर उतरले. हातात एकच पिशवी. पासपोर्ट, दोन कपडे आणि आमची सगळी पत्रे. दादी रडून झाल्यावर म्हणाली, "टीव्ही तिकडे टाकून ही रद्दी कशाला आणलीस?" अब्बा म्हणाले, "टीव्ही पेणच्या बाजारात मिळतो."

त्या रात्री दादीने मला ती सात पत्रे ओट्यावर मोठ्याने वाचायला लावली. बांगड्यांची ओळ आली तेव्हा अम्मी उठून आत गेली. अब्बा काही बोलले नाहीत. पुढच्या ईदला त्यांनी पेणहून दोन बांगड्या आणल्या. मापाच्या नव्हत्या, थोड्या मोठ्या होत्या. अम्मी त्याच घालते.

पेटी उघडताना

आता फोनवर रोज चेहरा दिसतो, ही मोठी सोय आहे. पण फोनवरचे बोलणे उरत नाही. जे कागदावर उरले आहे ते तरी जपता येईल.

पेटी पावसाळा सरल्यावर, कोरड्या हवेत उघडा. पत्रांचे लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. टाचण्या आणि लोखंडी क्लिपा काढून टाका, गंजाने कागद खातो. प्रत्येक पत्राचा दोन्ही बाजूंनी, उजेडात, पण थेट उन्हात न ठेवता, फोनने फोटो घ्या. पाकिटे फेकू नका, तारीख बरेचदा टपालाच्या शिक्क्यावरच असते. पत्रे धुतलेल्या सुती कापडात बांधून जमिनीपासून वर ठेवा.

मग घरातल्या थोरांजवळ बसा. काही पत्रे उर्दूत असतील, काही मराठीत, काहींचे अक्षर त्यांनाच लागेल. पत्रातला माणूस कोण, कुठले शेत, कसला आजार, हे विचारून वेगळ्या वहीत लिहा, पत्रावर नाही. आणि सगळेच घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. ज्याची गोष्ट आहे तो हयात असेल तर आधी त्याला विचारा. हा लेख लिहिण्यापूर्वी मी अम्मीला विचारले. बांगड्यांचे लिहू का? ती म्हणाली, "लिही. पण वाल मी लावले होते, तेही लिही."