मुक्काम टॅम्पा, हजेरी न्यूयॉर्क

अमेरिकेतील एखाद्या मोठ्या विमानकंपनीत नव्याने रुजू झालेल्या वैमानिकापुढे प्रशिक्षणाच्या आरंभीच्या दिवसांतच एक साधासा तक्ता ठेवला जातो. त्यातील प्रत्येक ओळीत एका शहराचे नाव, त्यापुढे विमानाचा प्रकार आणि त्यापुढे रिकाम्या जागांची संख्या, एवढाच मजकूर असतो. परंतु ज्याने उमेदीची कित्येक वर्षे प्रादेशिक कंपन्यांच्या लहान विमानांत घालवून हा हुद्दा मिळविला, त्याच्या पुढील आयुष्यातील झोप, संसार, मिळकत आणि बढती यांचा बराचसा निकाल, तो त्या तक्त्यावर पसंतीचे आकडे कोणत्या क्रमाने मांडतो, यावर लागणार असतो. ते शहर म्हणजे त्याचा तळ, अर्थात ज्या विमानतळावर त्याची प्रत्येक फेरी सुरू होते आणि जेथे ती संपते ते ठिकाण. त्याने तेथे बिऱ्हाड करावे अशी सक्ती कंपनी करीत नाही. नेमल्या वेळी त्याने तेथे हजर असावे, एवढेच ती मागते. या मुभेचा लाभ घेऊन आपल्या तळापासून शेकडो मैलांवर राहणाऱ्या वैमानिकांचा मोठा वर्ग त्या देशात तयार झालेला आहे, आणि नवागताची खरी पंचाईत या वर्गात शिरताना सुरू होते.

त्या पसंतीच्या तक्त्यामागे ज्येष्ठतेची यादी उभी असते. ज्या दिवशी वैमानिक रुजू झाला त्या दिवसावरून त्याचा क्रमांक ठरतो. एकाच दिवशी आलेल्यांत पुष्कळ ठिकाणी वयाने वडील असेल त्याला वरचा क्रमांक देण्याचा शिरस्ता आहे. तळ, विमान, महिन्याचे वेळापत्रक, रजा, कप्तानपद, साऱ्यांची वाटणी त्याच क्रमाने होते, आणि उड्डाणातील कौशल्य किंवा वरिष्ठांची मर्जी यांपैकी कशालाही तेथे किंमत नाही. शिवाय हा क्रमांक त्या एका कंपनीपुरताच खरा. १९९१ साली ईस्टर्न आणि पॅन ॲम या दोन जुन्या कंपन्या बंद पडल्या, तेव्हा आयुष्य आकाशात घालविलेल्या कप्तानांपैकी ज्यांना अन्यत्र नोकरी मिळाली, त्यांना तेथील यादीच्या तळाशी नव्याने आरंभ करावा लागला. या निष्ठुर यादीचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे, की ती भाकीत करू देते: २००७च्या डिसेंबरापासून निवृत्तीचे वय साठावरून पासष्टावर गेले असल्यामुळे, आपल्यापुढील किती जण कोणत्या साली यादीतून गळणार, हे नवख्यालाही जन्मतारखांवरून मोजता येते.

परंतु तक्ता भरताना सबंध कंपनीतील क्रमांकाकडे पाहून भागत नाही. एका तळावरील, एका प्रकारच्या विमानावरील, सहवैमानिकांच्या जागेवरील गटात आपण कितवे, याच हिशेबावर महिन्याचे दिवस ठरतात. ज्या गटात वरचे लोक सतत बदलून जातात तेथे कनिष्ठही वर्षभरात मध्यावर येतो. जेथे लोक एकदा आले की हलत नाहीत, तेथे तो वर्षानुवर्षे तळाशी पडून राहतो. न्यूयॉर्कच्या परिसरातील तळ अनेक कंपन्यांत कनिष्ठांचे मानले जातात, याचे कारण तेथील महागाईत घर करण्यास फारसे कोणी राजी नसते आणि आलेला प्रत्येक जण जाण्याची संधी शोधीत असतो. त्यामुळे ज्याला कोणी हौसेने मागत नाही तोच तळ नवख्याला लवकर वर चढवतो; पहिले कप्तानपदही बहुधा तेथेच हाती लागते.

मग हे लोक तळाच्याच गावी का राहत नाहीत, असा प्रश्न वाचकाला पडेल. कोणाच्या पत्नीची नोकरी दुसऱ्या गावी, कोणाचे वृद्ध आईबाप तिसऱ्या, आणि पुष्कळांच्या बाबतीत कराचा हिशेब: फ्लोरिडा, टेक्सास, टेनेसी, नेव्हाडा, वॉशिंग्टन या राज्यांत वेतनावर राज्याचा प्राप्तिकर नाही, आणि संघीय कायद्याने अशी तरतूद केलेली आहे, की विमान-कर्मचाऱ्याच्या वेतनावर त्याच्या रहिवासाचे राज्य, किंवा ज्या एखाद्या राज्यात तो निम्म्याहून अधिक वेतन कमावतो ते राज्य, एवढ्यांनीच कर बसवावा. साऱ्या देशावरून उडणाऱ्या माणसाचे निम्मे वेतन एका राज्यात सहसा पडतच नाही. त्याखेरीज तळावर विश्वास ठेवून घर बांधणारेही फसलेले आहेत. पिट्सबर्ग, सेंट लुई, सिनसिनाटी, मेम्फिस ही एकेकाळची गजबजलेली केंद्रे कंपन्यांच्या विलीनीकरणांत आणि काटकसरीत ओस पडत गेली, आणि तेथे घर बांधून बसलेल्या वैमानिकांना उतारवयात दूरच्या तळावर ये-जा आरंभावी लागली.

ही ये-जा म्हणजे डेक्कन क्वीनच्या पासधारकाची पुणे-मुंबई नव्हे. पासधारकाची गाडी ठरलेली असते. या वैमानिकाला स्वतःची अशी आसनावरील कोणतीही हक्काची जागा नसते. तो उरलेल्या आसनावर बसतो, आणि विमान भरले असेल तर कॉकपिटमधील जंपसीट नावाच्या घडीच्या बाकावर. त्यासाठी विमानाच्या कप्तानाची परवानगी घ्यावी लागते, त्याच कंपनीचा वैमानिक आधी आणि परका मागून असा क्रम असतो, आणि २००१च्या सप्टेंबरातील हल्ल्यांनंतर उभारलेल्या संगणकीय पडताळणीतून आपली ओळख पटवल्याखेरीज परक्या कंपनीच्या कॉकपिटात पाऊल ठेवता येत नाही. सुट्यांच्या दिवसांत, वादळाच्या दिवशी, इंधन जास्त भरल्याने वजनाची मर्यादा आली तर, हे बाकही हातचे जाते. म्हणून जुने लोक नवख्याला बजावतात, की वेळेवर पोहोचवणारे विमान एक असून चालत नाही. ते चुकले तर दुसरे आणि तेही चुकले तर तिसरे असले पाहिजे. अनेक कंपन्यांच्या करारनाम्यांत अशा प्रयत्नांनंतरही पोहोचू न शकलेल्या वैमानिकाला अभय देणारे कलम असते, पण ते वारंवार वापरणाऱ्याची नोंद होते.

तळाच्या गावी रात्र काढण्यासाठी हे लोक सामाईक खोल्या भाड्याने घेतात. क्रॅशपॅड हे अशा खोलीचे रूढ नाव. केनेडी आणि लाग्वार्डिया या दोन विमानतळांच्या मध्ये असलेल्या क्यू गार्डन्स या वस्तीला तेथे राहणाऱ्या विमान-कर्मचाऱ्यांमुळे क्रू गार्डन्स असे टोपणनाव पडले. कोठे ठरलेला बिछाना महिन्याच्या भाड्याने मिळतो, कोठे त्याहून स्वस्तात रिकामा असेल तो. लॉस एंजेलिसला तर विमानतळाच्या कर्मचारी-वाहनतळावर राहत्या मोटारगाड्यांची वसाहतच उभी राहिली होती. आपल्या सुटीच्या दिवसांतून जाण्या-येण्याचे दिवस वजा केल्यावर या माणसाच्या हाती घरचे दिवस उरतात ते थोडके, आणि पसंतीच्या तक्त्यात ही वजाबाकी दिसत नाही.

१२ फेब्रुवारी २००९च्या रात्री बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक अशी पन्नास माणसे दगावली, तेव्हा ही वजाबाकी प्रथमच सर्वांसमोर मांडली गेली. न्यूअर्क हा त्या दोन्ही वैमानिकांचा तळ होता. कप्तान फ्लोरिडात टॅम्पाजवळ राहत असे. सहवैमानिक सिअॅटलहून मालवाहू विमानात बसून मेम्फिसमार्गे रातोरात आली होती. कंपनीच्या न्यूअर्क तळावरील १३७ वैमानिकांपैकी ९३ जण बाहेरगावाहून येत, असे चौकशीत निष्पन्न झाले. चौकशी मंडळाने अपघाताचे कारण कप्तानाच्या चुकीच्या प्रतिक्रियेत शोधले. थकव्याचा परिणाम झाला असावा, पण किती ते ठरविता येत नाही, असे म्हटले. पुढे २०१०च्या कायद्याने सहवैमानिकालाही साधारणतः १५०० तासांच्या अनुभवाची अट लागली, २०१४च्या जानेवारीपासून कामाचे तास आणि विश्रांती यांचे नवे नियम आले, दोन कामांमध्ये दहा तासांची विश्रांती आवश्यक झाली. ये-जा मात्र नियमांच्या बाहेरच राहिली. विश्रांतीचे दहा तास कोठे आणि कसे घालवायचे, हे वैमानिकावर सोडलेले आहे, आणि उड्डाणापूर्वी आपण कामास योग्य आहोत असे त्यानेच ठामपणे सांगावयाचे आहे.

आता असे समजू, की टॅम्पातच राहणाऱ्या एका नवागतापुढे तीन ओळी आहेत: अटलांटाचे बोइंग ७३७, डेट्रॉइटचे एअरबस ए३२० आणि न्यूयॉर्कचे बोइंग ७६७. नकाशा पाहणारा अटलांटावर बोट ठेवील. टॅम्पाहून दीड तासाचे अंतर, दिवसभर विमानांची रांग. परंतु त्या भागात घर असलेले वैमानिक पुष्कळ, ते हलत नाहीत, आणि आपला गृहस्थ तेथे दीर्घकाळ राखीव यादीत राहण्याचा संभव अधिक. राखीव वैमानिकाला ठरलेली फेरी नसते. बोलावणे आले की जाणे, हेच त्याचे काम. अल्प सूचनेच्या राखीव पाळीत दोनेक तासांत हजर व्हावे लागते, आणि ती पाळी दिवसाला चौदा तासांपर्यंत असू शकते. अशा माणसाला दीड तासाचे अंतर आणि तीन तासांचे अंतर सारखेच, कारण दोन्ही ठिकाणी त्याला क्रॅशपॅडमध्येच बसून राहावे लागणार. जवळच्या तळाचा फायदा फेऱ्या ठरलेल्या असल्यावरच मिळतो, ही गोष्ट नकाशा सांगत नाही. डेट्रॉइटविषयी फार लिहिण्यासारखे नाही; तेथे या दोन्ही टोकांची थोडीथोडी सरमिसळ आहे.

न्यूयॉर्कचे ७६७ प्रथमदर्शनी वेडेपणाचे वाटेल. तथापि युरोपकडे जाणारी विमाने तेथून बहुधा सायंकाळी सुटतात आणि परतीची दुपारी उतरतात. सकाळी टॅम्पाहून निघालेला माणूस सायंकाळच्या हजेरीला पोहोचतो, आणि परतल्यावर त्याच रात्री घरी जेवू शकतो. फेऱ्या लांब, म्हणून महिन्यात मोजक्या; म्हणजे ये-जाही मोजकी. रुंद पोटाच्या विमानांवर बारा तास किंवा त्याहून अधिक सूचनेची राखीव पाळी अनेकदा मिळते, तिच्यात घरी बसून वाट पाहता येते. या हिशेबाने लांबचा तळ जवळचा ठरतो. येथे मात्र मी तराजूत एक जड वजन टाकीन: सकाळी घर सोडून, दिवसभर जागून, रात्रभर अटलांटिक ओलांडणे हे चाळिशीच्या शरीरालाही सोपे नाही, आठ-नऊ तासांहून लांब उड्डाणाला तिसरा वैमानिक मिळतो, तोही फक्त काही घटका झोप देऊ शकतो. वेळापत्रक जमते म्हणून ते देहाला जमेलच, असे नाही.

आणि विमानाच्या आकाराचा मोह हा निराळाच. पहिल्या वर्षी अनेक कंपन्यांत वेतन विमानावर अवलंबून नसते, त्यामुळे मोठ्या विमानाची मोठी प्राप्ती हे त्या वर्षापुरते मृगजळ असते. शिवाय नव्या प्रकारच्या विमानावर १२० दिवसांत १०० तास पुरे करण्याचा नियम आहे, आणि ९० दिवसांत तीन उड्डाणे व तीन उतरणी झालीच पाहिजेत. मोठ्या विमानावरील राखीव सहवैमानिकाला ती कित्येकदा सिम्युलेटरमध्ये जाऊन पुरी करावी लागतात. ७३७चा सहवैमानिक दिवसाला चार-चार वेळा विमान उतरवीत असतो. ज्याला कप्तान व्हायचे आहे, त्याने ही शिदोरी हलकी समजू नये, असे माझे मत आहे. साउथवेस्टच्या नवागताला तर या मोहाची झळच लागत नाही. तेथे ७३७खेरीज दुसरे विमान नाही, प्रश्न फक्त शहराचा.

विमानाचा प्रकार कायमचा नसतो, हेही तक्ता सांगत नाही. २०२० साली प्रवासी नाहीसे झाले तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने ७५७, ७६७ आणि ए३३० ही विमाने निवृत्त केली, डेल्टाने जूनमध्ये एमडी-८८ आणि ऑक्टोबरअखेर ७७७ सेवेतून काढले, आणि त्यांवर बसलेल्यांना नव्या विमानाचे प्रशिक्षण घेऊन दुसऱ्या गटात, बहुधा खालच्या क्रमांकावर, जाऊन बसावे लागले. उलट २०२२च्या सुमारास भरतीला पूर आला, तेव्हा आदल्या वर्षी ज्याचे स्वप्नही पडले नसते अशी मोठी विमाने काही नवख्यांना पहिल्याच तक्त्यात मिळाली.

म्हणून टॅम्पाच्या त्या गृहस्थाला मी विचारीन, की तुमची मुले केवढी आहेत आणि रात्री जागरण झाल्यावर दुसऱ्या दिवशी तुमची अवस्था काय होते. मुले लहान असून देह धडधाकट असेल, तर न्यूयॉर्कचे ७६७ पहिले आणि अटलांटा दुसरे असे त्याने लिहावे. जागरण सोसत नसेल तर क्रम उलटा करावा आणि अटलांटातील राखीव महिन्यांसाठी बिछान्याचे भाडे अंदाजपत्रकात धरावे. एकदा विमान निवडल्यावर बहुतेक कंपन्यांत काही काळ दुसऱ्या विमानावर जाण्याची मनाई असते. तळ बदलण्याचा अर्ज मात्र जागा निघताच करता येतो, आणि तो अर्ज पहिल्याच आठवड्यात भरून ठेवण्यास कोणाची हरकत नसते.